भिंत पाडली, शालू

शालू, दादाची भिंत पाडली. सगळ्यात आधी तुला हे सांगायचं होतं.

तुझ्या पुण्यानुमोदनाला, तुझ्या आठवणीत दोन शब्द बोलायला माझ्या हातात माईक दिला, तेव्हा मी एक शब्दही बोलले नाही. लोकांना वाटलं, बाई गहिवरल्या. मी गहिवरले नव्हते. पहिल्या रांगेत कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझा सख्खा भाऊ बसला होता. त्याच्याकडं बघून माझ्या तोंडात जे येत होतं, ते विहारात बोलण्यासारखं नव्हतं. म्हणून माईक परत दिला आणि खाली बसले. त्या दिवशी राहिलेलं बोलणं आता तुझ्याशी बोलते. तू ऐकून घेशील. चाळीस वर्षं ऐकतच आलीस, आणि प्रत्येक वेळी शेवटी म्हणालीस, "झालं का पाटलीणबाई? आता पाणी पी."

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी आल्या. पुरात शिक्षिकेचा मृत्यू. आणि खाली, नाल्यातल्या अतिक्रमणांचा प्रश्न ऐरणीवर. मी ती ओळ शाळेच्या स्टाफरूममध्ये वाचली. शेजारच्या बाई म्हणाल्या, "एवढी पगारदार बाई, कशाला राहायची बरं तिथं?" मी त्यांना म्हणाले, नाल्यात वस्ती नव्हती हो, वस्तीत नाला आणून सोडला. त्यांना कळलं नाही. ज्यांच्या घरात पाणी शिरत नाही त्यांना नाला कुठून कुठं जातो हे कळायची गरज पडत नाही.

तू तिथं का राहायचीस, ते मला माहीत होतं. तुझी पहिली नेमणूक धावड्याला झाली तेव्हा खोली बघायला मी तुझ्याबरोबर आले होते. घरमालकानं खोली दाखवली, नळ दाखवला, चुलीची जागा दाखवली आणि मग आडनाव विचारलं. तू सरळ सांगितलंस. त्याला एकदम आठवलं की त्याचा पुतण्या त्या खोलीत राहायला येणार आहे. मी रस्त्यात उभी राहून त्याच्या घराकडं तोंड करून अर्धं गाव गोळा होईल असं भांडले. तू माझा दंड धरून ओढत नेलंस. "भांडून घेतलेल्या घरात झोप लागत न्हाई गं," म्हणालीस. मग तुझी तू खोली शोधलीस, आणि त्याच घरमालकाच्या नातीला पुढं तीन वर्षं शिकवलंस.

जालन्यात बदली झाल्यावरही तेच. नव्या कॉलन्यांत दोन ठिकाणी तुला आडनाव विचारलं गेलं. तिसऱ्या ठिकाणी तू गेलीच नाहीस. नाल्याकाठच्या वस्तीतल्या सासूच्या घरावर पत्रे बदलून घेतलेस, आत लोखंडी माळा करून घेतलास, पुस्तकं आणि गहू वर ठेवलेस आणि मला म्हणालीस, "इथं मला कोणी आडनाव विचारत न्हाई."

पुढं त्या वस्तीत पाणी शिरायला लागलं आणि आपलं भांडण सुरू झालं. मी म्हणायची, माझ्या शेजारची वरची खोली घे. तू म्हणायचीस, "मी आले म्हणून पाणी वस्तीत जायचं थांबणार हाय का? मी निघून गेले तर अर्ज कोण लिहील?" हे भांडण आपण कधी मिटवलं नाही. आता मिटवायला तू नाहीस आणि माझी बाजू खरी ठरली याचा आनंद कुणाला दाखवू?

नाल्याच्या अलीकडचं रान आमचं होतं. तुला आठवतं, शाळा सुटल्यावर आपण बांधावर बसून हरभरा सोलून खायचो. पावसाळ्यात मोठं पाणी आलं की नाला आमच्या रानात पसरायचा, दोन दिवस तळं साचायचं, मग ओसरायचं. वडील त्या रानात खरिपाला काही पेरतच नसत. पाणी उतरलं की रब्बीची ज्वारी टाकायचे. पलीकडं तुमची वस्ती थोडी उंचावर होती. तिथं पाणी चढल्याचं माझ्या लहानपणी मी कधी ऐकलं नाही.

वडील गेले आणि दादाच्या हातात सगळं आलं. शहर पसरत पसरत आमच्या बांधापर्यंत पोचलं होतं. त्यानं आपल्या वाट्याच्या वरच्या रानात प्लॉट पाडले, ते हातोहात विकले गेले. राहिला तो नाल्याकाठचा सखल पट्टा. तो अजून आम्हा दोघा बहीणभावांच्या नावावर होता. दादानं त्या पट्ट्याच्या कडेनं, अगदी नाल्याला चिकटून, पुरुषभर उंचीची काँक्रीटची भिंत घालायची ठरवली. पाणी अडलं की मागचा पट्टा कोरडा राहील, मग हळूहळू मुरूम भरून त्याचेही प्लॉट पाडता येतील, असा त्याचा हिशोब होता. पाणी मग जाईल कुठं, हे त्याला कुणी विचारलं नाही. एक तू सोडून.

आपण दोघी त्याच्या बंगल्यावर गेलो होतो. त्यानं तुला खुर्ची दिली, चहा मागवला. "शालू" म्हणूनच हाक मारली त्यानं, लहानपणी मारायचा तशीच. तू त्याला राखी बांधायचीस ना. माझ्या राखीच्या शेजारी तुझी राखी असायची त्याच्या मनगटावर.

"दादा, भित घालू नका म्हणत न्हाई मी," तू म्हणालीस. "थोडी मागं घ्या. पाण्याला पसरायला जागा सोडा. न्हाईतर सगळं पाणी आमच्याकडं वळंल."

"कोण सांगतं असं?"

"सांगायला कशाला पाह्यजे? पाणी काय अलीकडं न्हाई तर पलीकडंच जाईल की."

दादा हसला. "तू कशाला त्या वस्तीत राहून राह्यली? तुला मी प्लॉट देतो. वरच्या बाजूचा. सावकाश बांध घर."

"आन बाकीच्यांना?"

"सगळ्यांना कुठून देऊ?"

"प्लॉट नका देऊ, दादा. पाण्याला वाट द्या."

तो कपात चमचा फिरवत राहिला. मला वाटलं, मानतोय. मग हसून म्हणाला, "चहा गार होऊन राह्यला, घे."

भिंत झाली. नाल्यात उतरायला म्हणून त्यानं मधोमध एक लोखंडी गेट ठेवलं आणि त्याला कुलूप घातलं. पहिल्याच पावसाळ्यात तुमच्या गल्लीत गुडघाभर पाणी आलं. तू अर्ज केलेस. ह्या कार्यालयात गेलीस, त्या साहेबांना भेटलीस. नाला कुणाच्या अखत्यारीत हे ठरवण्यात एक उन्हाळा गेला. शेवटी एका साहेबांनी तुला सांगितलं की हा खाजगी जागेचा वाद आहे, दिवाणी मामला आहे, आम्ही यात पडत नाही. तू परत येऊन मला हे सांगत होतीस आणि मी म्हणत होते, "पहार घेऊ आणि पाडू."

"पाडून काय व्हतं? उद्या दुसरी बांधल. कायद्यानं पाडू, म्हणजे पुन्हा उठणार न्हाई."

"तोवर?"

"तोवर गहू माळ्यावर ठेवायचे."

तू हसत होतीस. तुझ्या त्या हसण्याचा मला तेव्हाही राग आला होता. आजही येतो.

एक गोष्ट मात्र तुझ्यामुळं झाली. दादा वडील गेल्यापासून माझ्या मागं लागला होता, हक्कसोड करून दे म्हणून. आमच्यात सगळ्या बहिणी करतात. चांगली बहीण भावाला सही देते आणि भाऊबीजेला साडी घेते. मीही देणारच होते. जमिनीचा मला काय उपयोग, म्हणत होते. तू माझ्यावर डोळे वटारलेस. "हिस्सा घे नको घेऊ, तुझी मर्जी. पण नाव काढू नको. बापानं तुलाबी जन्म दिलाय." मी आज करते, उद्या करते म्हणत दादाला टाळत राहिले. माझं नाव त्या पट्ट्यावर राहिलं ते तुझ्या त्या एका रागावण्यानं. तुझे माझ्यावर कितीतरी उपकार आहेत. माझं गर्भाशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा माहेरून कुणी फिरकलं नाही, तू डब्यात येसराची आमटी घेऊन येत राहिलीस आणि नर्सशी भांडून रात्रंदिवस माझ्या पायाशी बसलीस. पण त्या सगळ्यापेक्षा हा उपकार मोठा निघाला.

आता त्या दिवसाचं. तुला सांगायचं राहिलेलं सगळ्यात मोठं तेच आहे.

सकाळपासून पाऊस कोसळत होता. शाळांना सुट्टी दिली होती. तुझे यजमान अशोकभाऊ सळयांच्या मिलमध्ये पहिल्या पाळीला गेले होते, एमआयडीसीतून परतायचे रस्ते बंद झाले होते. दुपारी तुझा फोन आला. मागं बायकांचा आरडाओरडा ऐकू येत होता.

"उंबऱ्याला पाणी लागलंय. लेकरं, बाया सगळ्या विहाराच्या गच्चीवर पाठवून राह्यले. गयाबाई आजीला उचलायला माणसं पाह्यजेत, ती एकटीच राह्यली."

"तू आधी वर जा."

"जाते की. तू एक काम कर. दादाला फोन लाव, भितीतलं गेट उघडा म्हणाव. तेवढं पाणी तिकडं गेलं तरी हितला जोर कमी हुईल. जल्दी लाव."

मी लावला. दादानं पहिल्याच रिंगला उचलला, म्हणजे तो बंगल्याच्या खिडकीतून नाल्याकडंच बघत असणार. मी म्हणाले, गेट उघड. तो म्हणाला, "गेट उघडलं तर सगळा मुरूम वाहून जाईल. आताच भरून घेतलाय." मी म्हणाले, शालू आहे तिथं. तो म्हणाला, "ती लय हुशार हाय, तिला काय न्हाई होत. पाऊस थांबंल आता. तू घाबरू नको." मी किंचाळले. त्यानं फोन ठेवला.

मी तुला परत लावला, शालू. तू उचलला नाहीस. म्हणून तुला कधी कळलंच नाही की तो नाही म्हणाला. तू कदाचित त्या पाण्यात उभी राहून गेट उघडण्याची वाट बघत होतीस. हे मला झोपू देत नाही. तुझ्या मनात शेवटपर्यंत असेल, दादा उघडेल. तू त्याला राखी बांधली होतीस.

गयाबाई आजीनं मला सगळं सांगितलं. तू आणि गल्लीतल्या तिघीजणींनी तिला खाटेसकट उचललं. विहाराच्या जिन्यापाशी पोचलात. वरच्यांनी खाट हातात घेतली. तू खाली होतीस, खाटेला मागून रेटा देत. खाट वर गेली आणि त्याच वेळी गल्लीतून पाण्याचा लोंढा आला. आजी म्हणते, तुझा हात तिच्या पायावर होता आणि मग नव्हता. "लेकीसारखा हात व्हता गं," म्हणते आणि पाऊल दाखवते. आता ती जेवत नाही धड. म्हणते, "माझं काय ठेवलं व्हतं? मला कशाला वर ढकललं? मी मागं राह्यले आन ती गेली." मी तिला म्हणाले, आजी, तुम्ही जगा. तुम्ही जगलात हे दादाला रोज दिसलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरल्यावर तू सापडलीस. भिंतीच्या पायथ्याशी, जिथं ती नाल्याबरोबर वळते तिथं. तुझी ओढणी त्या गेटच्या गजाला गुंडाळली होती. अशोकभाऊंनी ती सोडवली. मी भिंतीकडं बघत होते. तिच्या पलीकडचा मुरूम जागचा हलला नव्हता.

दादा आला. दोन टेम्पो घेऊन आला, पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं. तिसऱ्या दिवशी वस्तीच्या तोंडाशी त्यानं मोठं फ्लेक्स लावलं. कोपऱ्यात तुझा छोटा फोटो, भावपूर्ण श्रद्धांजली, आणि बाकी सगळा दादा, हात जोडून. मी ते बघितलं. मी फाडायला निघाले तर तुझ्या सासूनं अडवलं. "फाडू नको, सिंधू. जाड हाय. उपयोगाला येईल." आणि खरंच, त्याच दुपारी त्यांनी ते काढलं, दादाचा चेहरा चिखलाकडं करून अंगणात अंथरलं आणि भिजलेले गहू त्यावर वाळत घातले. शेजारच्या बायका गहू पायानं हलवत त्यावरून अनवाणी ये-जा करत होत्या. तुझ्या जाण्यानंतर मी पहिल्यांदा हसले ते तेव्हा. हसता हसता रडले आणि मग तुझ्या सासूच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले.

मी चौकीत जाऊन जबाब दिला. फोन कधी केला, तो काय म्हणाला, सगळं सांगितलं. समोरच्या साहेबांनी विचारलं, "बाई, स्वतःच्या जागेतलं गेट न उघडणं हा गुन्हा कसा होईल? ही तर नैसर्गिक आपत्ती." मी म्हणाले, पाऊस नैसर्गिक आहे, भिंत नाही. त्यांनी पेन खाली ठेवला. अकस्मात मृत्यू म्हणून नोंद झाली.

तेव्हा मी ठरवलं. तुझ्या पद्धतीनं आपण सगळं करून बघितलं होतं. आता माझ्या पद्धतीनं.

भाऊबीजेला दादा आला. यावर्षी येणार नाही असं वाटलं होतं, पण आला. साडी आणली, मिठाई आणली आणि एका पिशवीत हक्कसोडीचा कागद. मी पाट मांडला. ओवाळलं. कुंकू लावलं. तो खूश झाला. त्याला वाटलं, बहीण निवळली.

"एवढी एक सही कर बाई. गिऱ्हाईक थांबून राह्यलंय. दिवाळी झाली की व्यवहार."

"दादा, त्या दिवशी गेट का न्हाई उघडलं?"

"सणासुदीचं हे काय काढलं?"

"का न्हाई उघडलं?"

"अगं, मला काय माहीत एवढं पाणी येईल? माणूस गेलं, वाईटच झालं. मला काय वाटत न्हाई का? पण तू बी विचार कर. ती लोकं नाल्याच्या कडेला राहतात. त्यांना सवय असती."

ती लोकं. सवय. तो माझ्या समोर पाटावर बसून, कपाळाला माझ्या हातचं कुंकू लावून, हे बोलला. मी निरांजनाचं ताट बाजूला ठेवलं. कागद घेतला, घडी घातली आणि त्याच्या खिशात परत ठेवला. साडीचा डबा त्याच्या मांडीवर दिला. "वहिनीला होईल," म्हणाले. "आन ऐक. जमीन माझीबी हाय. भिंत माझ्याबी जागेत हाय. ती मी पाडणार हाय. चोरून न्हाई, सांगून पाडणार."

तो हसला. चहा गार होतोय म्हणताना हसला होता, तसाच.

जालन्यातला एकही जेसीबी मशीनवाला आला नाही. दादाचं नाव ऐकलं की त्यांचं मशीन कुठंतरी कामावर असायचं. शेवटी घनसावंगीकडून एकजण तयार झाला, उसाच्या रानात पाण्याच्या चाऱ्या काढायचं काम करणारा. सकाळी तो नाल्यावर पोचला, मशीन थांबवलं आणि खाली वाकून मला विचारलं, "बाई, भित कोणाची हाय?"

"माझी."

"आन जागा?"

"माझी."

त्यानं माझ्याकडं बघितलं, पलीकडं जमलेल्या वस्तीकडं बघितलं. "मंग पाडायची ना?"

"पायापासून. आन मागचा मुरूम बी उकरायचा."

वरच्या प्लॉटांतल्या घरांना काही होणार नाही, हे मी आधी फिरून बघून घेतलं होतं. ती उंचावर आहेत. तिथं बँकेतला एक कारकून आहे, एक कंडक्टर आहे, त्यांनी कर्ज काढून घरं बांधली आहेत. त्यांच्या दारात पाणी नेलं असतं तर तू मला माफ केलं नसतंस. एवढं तुझं ऐकलं.

पहिला घाव गेटवर घालायला लावला. ते वाकलं, कुलपासकट. मग भिंत. काँक्रीट फुटलं की आतले गज बाहेर यायचे, वाकडे, गंजायला लागलेले. अशोकभाऊ आले होते. रात्रपाळी करून सरळ आलेले. त्यांनी एक गज हातात घेतला, त्यावरचा शिक्का बोटानं पुसून बघितला आणि म्हणाले, "ताई, आमच्याच मिलचा हाय." बराच वेळ तो गज घेऊन उभे राहिले. आदल्या दिवशी तेच मला म्हणाले होते, आमच्यासाठी सख्ख्या भावाशी वैर घेऊ नका. मी म्हणाले होते, तुमच्यासाठी न्हाई अशोकभाऊ, माझ्यासाठी घेऊन राह्यले. आता त्यांनी गज खाली ठेवला आणि मशीनवाल्याला हातानं दाखवायला लागले, इथून घे, इथून घे.

गयाबाई आजीला खुर्चीसकट पुलावर आणून बसवलं होतं. ती तिथून ओरडत होती, "अजून पाड गं! पायापातूर पाड!"

दादा आला, बरोबर पोलीस घेऊन. तेच साहेब, ज्यांनी पेन खाली ठेवला होता. दादा लाल झाला होता. "हिला अटक करा. माझी भित पाडून राह्यली."

साहेबांनी मला विचारलं. मी सातबारा पुढं केला. त्यांनी दोन्ही नावं वाचली. परत वाचली. मग दादाला म्हणाले, "साहेब, हा घरचा वाद आहे. दिवाणी मामला आहे. आम्ही यात पडत नाही."

शालू, ते वाक्य ऐकताना मी तुझ्या नावानं मोठ्यांदा हसले असते, पण मशीनचा आवाज इतका होता की कुणाला ऐकू गेलं नसतं. ज्या वाक्यानं तुला दारोदार फिरवलं, तेच वाक्य त्या दिवशी माझ्या बाजूनं उभं राहिलं. तू कायद्यावर विश्वास ठेवायचीस. कायद्यानंच पाडली म्हण हवं तर. मी याला कायदा म्हणत नाही. माझं आडनाव त्या कागदावर होतं म्हणून हे झालं. तुझं आडनाव असतं तर त्याच साहेबांनी तुला जीपमध्ये बसवून नेलं असतं. हे मी विसरणार नाही, आणि त्या साहेबांनाही विसरू देणार नाही.

माहेर तुटलं. तूच म्हणायचीस ना, माहेर तुटू देऊ नको, बाईला पाठ टेकायला भिंत लागते. तुटलं. भावकीतले लोक माझ्या घरावरून तोंड फिरवून जातात. एका चुलतीनं निरोप पाठवला, परजातीच्या बाईसाठी रक्ताचं नातं तोडलं. मी उलट निरोप धाडला, रक्ताच्या नात्यानं एक माणूस मारलं, ते तुम्हाला चाललं का?

तुला वाटेल, राग निवला असेल. नाही निवला. मी रोज सकाळी उठते आणि पहिल्यांदा तो फोन आठवतो. मुरूम वाहून जाईल. मला अजून पुष्कळ करायचं आहे. माझा हिस्सा मी मोजून मागणार आहे, नाल्याकडचाच, दुसरीकडचा नको. तिथं कधी वीट चढू देणार नाही. आणि अकस्मात मृत्यूच्या नोंदीविरुद्ध वकील बघितला आहे. तुझे सगळे अर्ज त्याला नेऊन दिले. तो म्हणाला, बाई, यात वर्षं जातील. जाऊ देत. दादाला प्रत्येक तारखेला कोर्टाच्या बाकावर बसलेला बघायचं आहे मला. त्याच्या समोरच्या बाकावर मी बसेन.

दिवाळी होऊन गेली तरी पाऊस गेला नव्हता. गेल्या आठवड्यात पुन्हा आला, दिवसभर, तसाच कोसळत. मी छत्री घेऊन नाल्यावर गेले. पाणी वरून लाल होऊन येत होतं, टायर, पत्रे, पऱ्हाट्या घेऊन. जिथं भिंत होती तिथं ते आलं आणि आमच्या रानात शिरलं. लहानपणी बघितलं होतं तसं पसरत गेलं. दादानं मारलेले प्लॉटचे खुंटे एकेक करून दिसेनासे झाले. कॉलनीचा रंगीत बोर्ड आधी कलला, मग आडवा झाला. वरच्या घरांपर्यंत पाणी पोचलं नाही. आणि पलीकडं वस्तीत गटारं भरून वाहत होती, पण उंबरे कोरडे होते. तुमच्या गल्लीत पोरं कागदी होड्या सोडत होती.

दादाचं गिऱ्हाईक त्या दिवशी जागा बघायला आलं होतं. गाडीतून उतरलंच नाही. काच खाली केली, पाण्याकडं बघितलं, काच वर केली आणि गाडी वळवली. मी हे डोळ्यांनी बघितलं. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

दादा मागं राहिला. पाण्याच्या कडेला उभा होता, घोटे बुडालेले, शर्ट अंगाला चिकटलेला. एकदम म्हातारा दिसत होता. मला बघून तो जवळ आला.

"सिंधू," तो म्हणाला, "तू मला बुडवलंस."

"न्हाई दादा," मी म्हणाले. "बुडाली शालू. तू नुसता भिजलास."

तो नुसता उभा राहिला, लहानपणी आई रागावली की उभा राहायचा तसा, कुणीतरी घरात घ्यावं म्हणून. पाऊस वाढला होता. माझ्या हातातली छत्री मोठी होती, दोघांना पुरली असती. मी ती त्याच्यावर धरली नाही. पुलावरून चालत वस्तीत आले.

तू धरली असतीस. मला माहीत आहे, शालू, तू धरली असतीस.